टीसी आधी की प्रवेश आधी? पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदललेल्या एका मुलीचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलीचं नाव बदललं आहे. दोन्ही कॉलेजं आणि दोन्ही विद्यापीठं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी पुणे परिसरातल्या एका कॉलेजात विज्ञान शाखेला शिकवते आणि गेली काही वर्षं प्रवेश समितीवर आहे. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

रेवती विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची. २०२४-२५ मध्ये तिने तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे रेवतीची तुकडी नव्या रचनेतली अगदी पहिली. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे, कारण कुणाच्याच हाताशी मागचं उदाहरण नव्हतं.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मोठा भाऊ चाकण एमआयडीसीत नोकरीला, भोसरीत खोली घेऊन राहणारा. त्याने वडिलांना उपचारासाठी पुण्याला आणलं, पाठोपाठ आई आली. एप्रिलपर्यंत गावातलं घर जवळजवळ बंद झालं. रेवती मात्र आत्याकडे राहून दुसऱ्या सत्राची परीक्षा देत होती. पहिल्या सत्रातला रसायनशास्त्राचा एक पेपर राहिला होता, तोही तिने याच परीक्षेत दिला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा भाऊ आमच्या ऑफिसात आला. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: "मॅडम, बहिणीला इथं सेकंड इयरला घेता का जी?"

नेमकी अडचण

असा प्रश्न आला की ऑफिसातलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: टीसी आणि मायग्रेशन घेऊन या, मग बघू. वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. बारावीनंतर पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. मधूनच विद्यापीठ बदलणाऱ्यांना मात्र या एका वाक्यात फार मोठा धोका आहे.

टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला; तो काढला की जुन्या कॉलेजातली जागा गेली. मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र; ते काढलं की जुन्या विद्यापीठाशी नातं तुटलं. आणि ही दोन्ही कागदं हातात घेऊन आलेल्या मुलीला नव्या विद्यापीठाने "तुमचा अभ्यासक्रम आमच्याशी जुळत नाही" असं सांगितलं, तर ती कुठलीच राहत नाही. शिवाय प्रवेश कॉलेज देतं आणि पात्रता विद्यापीठ देतं. पात्रतेचा निर्णय यायला काही महिने लागतात, तोवर मूल वर्गात बसलेलं असतं, फी भरलेली असते.

रेवतीच्या बाबतीत तीन गाठी होत्या. पहिली त्या राहिलेल्या पेपरची. आमच्याकडे बाहेरच्या विद्यापीठातून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याचं पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं, एटीकेटी, म्हणजे राहिलेला पेपर घेऊन पुढच्या वर्षात जाणं, चालत नाही. आणि त्या पेपरचा निकाल लागायचा होता.

दुसरी गाठ विषयांची. तिच्याकडे पहिल्या दिवसापासून रसायनशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, होतं, दर सत्राला ६ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे तासांवर मोजलेलं पेपरचं वजन). वनस्पतिशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून दुसऱ्या सत्रात आलं, तेही २ क्रेडिटचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने, प्रत्येकी दर सत्राला ४ क्रेडिट, त्यात निम्मं प्रात्यक्षिक. मेजर कुठला, मायनर कुठला हे दुसऱ्या वर्षी ठरतं. वर्षाची बेरीज दोन्हीकडे ४४ च होती, आतली मांडणी मात्र पूर्ण वेगळी.

तिसरी गाठ वेळेची. आमचे दुसऱ्या वर्षाचे वर्ग जूनअखेर सुरू झाले.

कोणते पर्याय होते

भावाने एकच पर्याय धरला होता. मी त्याला म्हटलं, बहिणीला घेऊन या, आपण सगळं समोर मांडू. आठ दिवसांनी दोघं आली. रेवती खुर्चीच्या कडेला बसली होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भाऊ देत होता. शेवटी मी त्याला झेरॉक्स काढायला पाठवलं आणि तिला विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला केमिस्ट्रीतच एम.एस्सी. करायचंय. लॅब सुटायला नको." त्या वाक्याने अर्धे पर्याय आपोआप गळाले. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती.

तिने गावीच राहून पदवी पूर्ण करावी, हा पहिला पर्याय. कागदोपत्री सगळ्यात सोपा. आत्या ठेवून घ्यायला तयारही होती. पण वडिलांना एका बाजूने उठवता-बसवताना आईला दुसरा माणूस लागत होता, आणि भावाची शिफ्ट बदलती. घरची ही गरज खरी होती. त्या गरजेला कमी लेखून कुठलाही शैक्षणिक सल्ला देता येत नाही असं मला वाटतं.

दुसरा पर्याय पुण्यात पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू करायचा. कित्येक ठिकाणी हाच सल्ला देतात, कारण त्यात ऑफिसला काही तपासावं लागत नाही. त्यात वर्ष जातं, आणि ज्या घरात एकच कमावता आहे तिथे एका वर्षाची किंमत फीपुरती नसते.

तिसरा मुक्त विद्यापीठाचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच अडलेल्या मुलांना वाट देत आलं आहे आणि घरची जबाबदारी असणाऱ्या कितीतरी जणांना मी ते स्वतः सुचवलं आहे. पण रेवतीला रोजची प्रयोगशाळा हवी होती.

चौथा थोडा नवा: पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं आणि नंतर दुसरीकडे आत यायचं. धोरणात ही सोय आहे. त्यासाठी वर्षाच्या ४० ते ४४ क्रेडिटांखेरीज ४ क्रेडिटांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तिने ती केलेली नव्हती, आणि केली असती तरी दुसऱ्या विद्यापीठात जागा मिळण्याची हमी त्यातून येत नाही.

राहिला थेट दुसऱ्या वर्षाचा. इथे एक हिशोब तिच्या बाजूने होता. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नियमावली २०२१ ची. तिच्यानुसार जी संस्था पदवी देणार तिथे किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटांची. रेवती ४४ क्रेडिट घेऊन येणार आणि उरलेले ८८ आमच्याकडे करणार, म्हणजे दोन तृतीयांश. हाच बदल तिने दुसऱ्या वर्षानंतर करायचा ठरवला असता तर आकडे उलटे झाले असते: ८८ तिकडे, ४४ इकडे. तेव्हा बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतर, हे मी आता प्रत्येकाला सांगते. "अजून एक वर्ष काढू, मग बघू" हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला इथे महागात पडतो.

टीसीचा फोन

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ घर रिकामं करायला गावी गेला होता. सकाळी साडेअकराला त्याचा फोन आला. तो जुन्या कॉलेजच्या खिडकीसमोर उभा होता. "मॅडम, ते म्हणून राहिले की आता आलाच आहात तर टीसी घेऊनच जा, पुन्हा चक्कर कशाला. काढून घेऊ का?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. रात्रभर ट्रॅव्हल्सने जायचं, एक रजा मोडायची, परत रात्रभर यायचं. क्लार्कनेही आपुलकीनेच सांगितलं असणार. पण त्या क्षणी राहिलेल्या पेपरचा निकाल नव्हता, आमच्याकडे समकक्षतेचा, म्हणजे दोन्ही अभ्यासक्रम जुळतात का याचा, निर्णय नव्हता आणि जागा दिल्याचं एका ओळीचंही पत्र नव्हतं. मी त्याला म्हटलं, टीसीला हात लावू नका. त्याऐवजी चार गोष्टी घेऊन या: बोनाफाईड, दोन्ही सत्रांच्या अभ्यासक्रमाची कॉलेजचा शिक्का मारलेली प्रत, प्राचार्यांचं ना हरकत पत्र, आणि पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत.

तो थोडा नाराज झाला. "म्हणजे पुन्हा यावंच लागेल ना?" हो, यावं लागेल. हे उत्तर देताना मला वाईट वाटलं, पण आजही मी तेच देईन.

माझी चूक

अभ्यासक्रमाची प्रत आली ती साठेक पानांची, प्रत्येक पानावर गोल शिक्का. मी ती चाळली, क्रेडिटांची बेरीज केली, ४४ भरले आणि दोघांना सांगून टाकलं, होऊन जाईल.

समितीतल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तीच प्रत घेतली आणि विषयवार तक्ता मांडला. डाव्या बाजूला आमचा प्रत्येक पेपर, उजवीकडे तिचा. रसायनशास्त्र नीट जुळलं. तिसरा विषय आमच्याकडेही दुसऱ्या वर्षी सोडावाच लागतो, त्यामुळे त्यावर समितीने ताणून धरलं नाही. वनस्पतिशास्त्रात मात्र आमचे ८ क्रेडिट आणि तिचे २. आणि रसायनशास्त्र मेजर, वनस्पतिशास्त्र मायनर हीच जोडी तिला पुढे घ्यायची होती. सहा क्रेडिट कमी.

बेरीज जुळणं आणि विषय जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शिकवावं लागू नये. तरी घाईत मी ते विसरले आणि त्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत भावाने कंपनीत "बहिणीचं काम झालं" असं सांगूनही टाकलं होतं.

काय केलं

रेवती आपलं प्रात्यक्षिकाचं जर्नल घेऊन आली. तपकिरी कव्हर, आत नॉस्टॉक, स्पायरोगायरा, रिक्सिया यांच्या पेन्सिलने काढलेल्या आकृत्या, इतक्या स्वच्छ की आमच्या सहकाऱ्यांनी ते जर्नल दोनदा उलटून पाहिलं. शेवटच्या पानावर सर्टिफाईडची सही होती. तिला वाटलं होतं, यावरून सिद्ध होईल की प्रॅक्टिकल झालंय. पण ही प्रात्यक्षिकं तिच्याकडे त्या २ क्रेडिटांच्या मायनरमध्येच धरलेली होती. जर्नल कितीही सुंदर असलं तरी गुणपत्रिकेवर नसलेलं क्रेडिट त्यातून निघत नाही. हे तिला सांगताना जड गेलं.

वाट निघाली ती भलतीकडूनच. पहिल्या सत्रात तिने कौशल्याचा पेपर म्हणून रोपवाटिका व्यवस्थापन घेतलं होतं, २ क्रेडिटचं. प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, व्याख्यानाचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास. शिक्का मारलेल्या प्रतीत या पेपरचे ६० तास प्रात्यक्षिकाचे दाखवले होते: कलमं, माध्यमं, बी-प्रक्रिया, रोपांचे रोग. ते पान त्या प्रतीत नसतं तर हे २ क्रेडिट गेलेच होते. समितीने ते वनस्पतिशास्त्राच्या एका प्रात्यक्षिक पेपरच्या जागी धरायची शिफारस केली. आम्ही अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांचं लेखी मत मागवलं, ते अनुकूल आलं.

उरले ४ क्रेडिट: एक लेखी पेपर, एक प्रात्यक्षिक. ते दुसऱ्या वर्षात शिकत असतानाच पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर पूर्ण करायचे, या अटीवर प्रवेश द्यावा असं ठरलं. रेवतीला आम्ही विचारलं, झेपेल का? हो म्हणाली. मी तिला एक रात्र घरी विचार करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही ती हो म्हणाली.

राहिलेल्या पेपरचा निकाल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. सुटला. जुलैअखेर आम्ही तिला तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र दिलं, त्यात वनस्पतिशास्त्राची अट शब्दशः लिहिली आणि टीसी व मायग्रेशन आणून देण्यासाठी मुदत दिली. तिच्याकडून हमीपत्र घेतलं. ते पत्र हातात पडल्यावरच भाऊ पुन्हा गावी गेला आणि टीसी काढला.

तिथे शेवटची अडचण उभी राहिली. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झालेला नव्हता, म्हणून साडेचार हजार रुपये भरल्याशिवाय नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला) मिळेना. बारावीची मूळ गुणपत्रिकाही कॉलेजनेच ठेवून घेतली होती. मुलांची मूळ कागदपत्रं संस्थेने ठेवून घेऊ नयेत, ही यूजीसीची अधिसूचना ऑक्टोबर २०१८ ची आहे. तिची प्रत मी भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. गुणपत्रिका त्याच दिवशी मिळाली. पैसे मात्र त्याने भरले, आणि हप्ता आल्यावर परत मिळतील असं पावतीवर लिहून घेतलं. भांडण लांबवायला आमच्याकडे दिवस नव्हते.

मायग्रेशन जुन्या विद्यापीठाकडून ऑगस्टअखेर आलं. दरम्यान डिजिलॉकरमधल्या तिच्या एबीसी खात्यात फक्त पहिल्या सत्राचे क्रेडिट दिसत होते, तेही त्या राहिलेल्या पेपरशिवाय. क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाहीत, ते संस्थेकडूनच यावे लागतात. आधार आणि गुणपत्रिका यांवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक निघाला, तो दुरुस्त केला. मग जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला दोन मेल गेले. पूर्ण ४४ क्रेडिट सप्टेंबरच्या मध्याला दिसले.

काय झालं

रेवती वर्गात बसली तेव्हा सत्राचे पाच आठवडे होऊन गेले होते. रसायनशास्त्राची सुटलेली प्रात्यक्षिकं तिने शनिवारी दुपारी भरून काढली, प्रयोगशाळा सहायकांनी त्यासाठी थांबायची तयारी दाखवली. पहिल्या वर्षाचा लेखी पेपर तिने हिवाळी परीक्षेत दिला आणि सुटला. तिसऱ्या सत्रातला एक पेपर मात्र राहिला, वर्षभरापूर्वी राहिला होता त्याच भौतिक रसायनशास्त्रातला. हा निकाल मी लपवत नाही, कारण उशिरा बसणं आणि दोन वर्षांचं ओझं एकदम घेणं याची ती किंमत आहे. विद्यापीठाचं अंतिम पात्रता पत्र डिसेंबरात आलं.

सध्या ती चौथ्या सत्रात आहे. वनस्पतिशास्त्राचं उरलेलं प्रात्यक्षिक पहिल्या वर्षाच्या बॅचबरोबर करते आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, मी हे काम जूनमध्ये सुरू होऊ देणार नाही. एप्रिलमध्ये घर हललं तेव्हाच कुणीतरी नव्या कॉलेजात जाऊन विचारायला हवं होतं. दुसऱ्या सत्राची परीक्षा द्यायच्या आधीच अभ्यासक्रमाचा विषयवार तक्ता मांडता येतो, त्यासाठी निकालाची गरज नसते. आमचे पाच आठवडे त्यात वाचले असते.

शिक्का मारलेला अभ्यासक्रम मुलाने वर्ष सुरू असतानाच घेऊन ठेवावा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली पीडीएफ पुरते असं अनेकांना वाटतं. समिती शिक्क्याची प्रत मागते, आणि त्यात प्रत्येक पेपरचे तास असावे लागतात. रेवतीचं एक अख्खं प्रात्यक्षिक त्या एका पानावर तरलं. मेजर-मायनरच्या बाहेरचे छोटे पेपर, कौशल्याचे असोत की ओपन इलेक्टिव्ह, बिनमहत्त्वाचे समजून त्यांची पानं गाळू नयेत.

चार क्रेडिटांचं ओझं तिसऱ्या सत्रातच सुरू करायचं का, यावर समितीत आजही एकमत नाही. माझ्या मते लेखी पेपर चौथ्या सत्रानंतर ठेवायला हवा होता. माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं, अट जितकी लवकर पुरी होईल तितकी पात्रता लवकर येते. तेही खरं आहे. पण तिसऱ्या सत्रातला तो राहिलेला पेपर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

टीसीच्या बाबतीत मात्र मी काहीही बदलणार नाही. तात्पुरत्या प्रवेशाचं लेखी पत्र, त्यात अटींसकट, आधी हातात. मग टीसी, मग मायग्रेशन. या जूनपासून आमच्या ऑफिसच्या खिडकीवर "टीसी घेऊन या" ऐवजी "अभ्यासक्रमाची शिक्क्याची प्रत घेऊन या, टीसी अजून काढू नका" असा कागद लावायचं प्राचार्यांनी मान्य केलं आहे. मजकूर रेवतीनेच लिहून दिला.